उलटं

पोवई नाक्यावर मी शिक्के करतो,
सदतीस वर्षं, कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून.
तलाठी, नोटरी, दूध संस्था, विकास सोसायटी,
खरी नक्कल, आवक, जावक, मयत.
सगळं मला आधी उलटं दिसतं.
सरळ वाचायला थोडा वेळ लागतो.

आता मशीन आलंय. पूर्वी खिळे होते,
शिशाचे, चिमट्यानं एकेक उचलायचे.
एक ऱ्हस्व वेलांटी शोधताना दुपार सरायची.
मग प्लॅस्टरचा साचा, मग रबर,
मग गंधकाचा तो वास,
जो बायको म्हणते अजून उशीत आहे.

सोमवारी संग्रहालय बंद असतं.
त्यांचा नवा शिक्का द्यायला मागच्या दारानं गेलो
तर टेबलावर एक पेटी उघडी,
आत पांढरा फोम, आणि फोमच्या खळग्यात
अंगठी.
इजिप्तच्या राजाची, सबनीस बाई म्हणाल्या,
महिनाभर पाहुणी आहे. हात नका लावू.
मी हात पाठीमागे नेले. बोटांना शाई होती.

सोन्यातलं मला कळत नाही.
खोदकामातलं कळतं.
दोरीचा लांबट वेढा, वेढ्यात सूर्य,
भुंगेरा, एक पाखरू, तळाशी पाण्याची रेघ.
पाखराचं तोंड डावीकडं.
बाई, म्हटलं, हे उलटं आहे.
तुम्हाला ही लिपी येते?
लिपी नाही येत. उलटं येतं.

म्हणजे बघा, हे आपल्यासाठी लिहिलेलंच नाही.
चिखलासाठी लिहिलंय.
उद्या काचेला नाक लावून शाळेची पोरं बघतील
ती नावाची पाठ.
नाव तिकडं गेलं, ओल्या मातीवर,
कुठल्या दाराच्या दोरीला, कुठल्या रांजणाच्या तोंडाला,
वाळलं, फुटलं, केरात झाडलं गेलं.
आणि ही बसलीय
तीन हजार वर्षं तोंडातला शब्द तोंडात धरून.

मी भिंग मागितलं.
भुंगेऱ्याचा मागचा एक पाय आखूड.
तिथं हत्यार घसरलं होतं.
राजाला बोलला नसणार तो.
मातीत कुठं कळतंय, म्हणाला असेल मनाशी.

कळतं.
संपतदादा गेला तेव्हा नगरपालिकेतून दाखला आणला.
खाली गोल शिक्का, निबंधक, जन्म व मृत्यू.
‘मृ’ची शेपटी तुटकी.
माझीच ती. साल अठ्ठ्याण्णव.
खिळा झिजलेला, साहेबांना घाई,
चालतंय, म्हटलं होतं, कोण बघतंय.
खिडकीपाशी मी ती शेपटी बघत राहिलो
आणि मागचा माणूस म्हणाला, सरका की पुढं.

त्या खोदणाऱ्याच्या घरीही
जवाचं मडकं याच शिक्क्यानं बंद होऊन आलं असेल.
फोडण्याआधी त्यानं मातीत तो आखूड पाय बघितला असेल.
मग फोडली असेल. पोरं भुकेली होती.
हे सगळं मी बाईंना सांगितलं नाही.

शेजारच्या कपाटात आपल्याकडची जुनी पत्रं आहेत.
वर मोठी मुद्रा, ऐसपैस,
आणि मजकूर संपतो तिथं एक इवलीशी,
मर्यादेयं विराजते.
इथवरच. याच्याखाली कुणी काही घुसडू नये.
अंगठीला अशी धाकटी बहीण दिसली नाही.
दादाच्या दाखल्यावरही नाही.
तिथं शिक्क्याखाली दोन बोटं कोरी जागा आहे.
रात्री कधी कपाट उघडलं की
मी ती जागाच बघतो.

बाईंनी पावतीवर नवा शिक्का टेकवला, अगदी हळू,
अंगठी उचलावी तसा.
अर्धाच उठला.
दाबा, म्हटलं,
भार द्या जरा.